एका तारेत वीस दिवे

आमच्या शिलाईच्या कारखान्यात मला फ्यूज म्हणतात, कारण मी लवकर उडते. म्हणू देत. मी वायरिंगचं काम करते, लायसन माझ्या स्वतःच्या नावावर आहे, आणि त्या तीन मजल्यांवर असं एकही बटण नाही जे मी कधी ना कधी उघडून पाहिलेलं नाही. तरी दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मी जे करून ठेवलं होतं, ते एखाद्या शिकाऊ माणसानंही केलं नसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणावर कितीही तोंड सोडलं तरी पहिली चूक कुणाची होती ते तुमच्या ध्यानात राहील.

हॉलमध्ये वीस-वीस मशिनच्या दोन रांगा आहेत आणि मधे कापडाच्या गठ्ठ्यांचे रॅक. खिडक्या आहेत म्हणायला, पण त्या उघडतात शेजारच्या गोदामाच्या भिंतीवर. भर दुपारीसुद्धा दिव्याशिवाय सुईचं नेढं दिसत नाही, म्हणून प्रत्येक मशिनवर एक दिवा लागतोच. मॅनेजर बसतो कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये. माणूस असा की आवाज कधी चढवणार नाही, झाडणाऱ्या बाईलाही 'तुम्ही' म्हणणार, आणि त्याच आवाजात तिला घरी पाठवणार. जुने दिवे खराब झाले तेव्हा त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या नाट्यगृहातून पायऱ्यांवरचे छोटे दिवे गठ्ठ्यानं उचलून आणले. सगळे बारा व्होल्टचे.

आता आपली लाइन दोनशे चाळीस व्होल्टची. बारा व्होल्टचा दिवा तिला सरळ जोडला तर फट्कन उडेल. पण वीस दिवे एकापुढे एक ओवले, तर दोनशे चाळीसचे वीस वाटे होतात आणि प्रत्येकाला बाराच मिळतात. आम्ही याला सिरीज म्हणतो, शाळेच्या पुस्तकात एकसर जोडणी म्हणतात. करंटला जायला एकच वाट. पहिल्या दिव्यातून जेवढा जाईल तेवढाच विसाव्यातून बाहेर पडणार, वाटेत ना कमी ना जास्त. दोन्ही रांगा मी अशाच जोडल्या आणि स्वतःवर फार खूश झाले.

मॅनेजरनं वर आणखी एक सांगितलं होतं. बाई जागेवर नसताना दिवा कशाला जळायला हवा, खुर्चीखाली बटण बसवा, बसली की लागेल, उठली की विझेल. मला वाटलं, वीज वाचवतोय, चांगलं आहे. मी प्रत्येक बटण त्याच एका तारेत घातलं. तार कमी लागली, काम दोन दिवसांत उरकलं. एका वाटेवर वीस फाटकं बसवली आणि त्यातलं एक जरी बंद झालं तरी अख्खी वाटच बंद होते, हे माझ्या डोक्यात यायला नको होतं का? नाही आलं. कारण तपासणी केली सुट्टीच्या दिवशी, सगळ्या खुर्च्यांवर कापडाचे गठ्ठे ठेवून. गठ्ठे काही उठून कुठे जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दोऱ्याचं रीळ आणायला उठली आणि वीसच्या वीस दिवे गेले. सगळ्या हसल्या. ती घाबरून पुन्हा बसली, दिवे लागले, परत हसल्या. मी कपाळावर हात मारला आणि मॅनेजरला सांगायला गेले की चूक माझी आहे, पॅरलल, म्हणजे प्रत्येक दिवा सुटा जोडून देते, फक्त दिवे वेगळे लागतील. तो केबिनच्या दारात हात मागे बांधून उभा होता. जरा वेळ रांगेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "राहू द्या. बरंच झालं हे."

आठवड्यानं भिंतीवर कागद लागला. जी रांग दिवसात तीनदा विझेल, तिची दुपारची चहाची सुट्टी बंद. कोण उठलं ते पाहायला त्याला मान वर करायचीही गरज नव्हती, बाकीच्या एकोणीस जणी सांगायच्या. पूर्वी तो निदान चकरा मारायचा. आता त्याचं राखणदारीचं काम बायकांनीच वाटून घेतलं. "बस की गं जरा, तुलाच काय सारखं लागतं?" असलं बोलणं त्या हॉलमध्ये यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. मी जिन्यावरून जाताना ते ऐकायची आणि शिडी खांद्यावर टाकून तशीच पुढे जायची. मला लाज वाटत होती, पण लाज वाटून दिवे जोडले जात नाहीत.

दुसऱ्या रांगेत चौदा नंबरच्या खुर्चीवर माझी धाकटी बहीण बसते. बाह्या जोडते. तिला सातवा महिना लागला होता. सात महिने पुरे झाले की आमच्याकडे बाळंतपणाची रजा सुरू होते, जागा राखून ठेवतात, पगारही चालू राहतो. त्याआधी काढलं तर तुम्ही कोण आणि आम्ही कोण. तिला अजून साडेतीन आठवडे काढायचे होते. तिचा नवरा दूरच्या गावी कामाला, सासरचं माणूस कुणी नाही, घरात ती आणि मी. ती नोकरी म्हणजे त्या बाळाचं पहिलं वर्ष होतं, सरळ हिशेब.

आणि सातव्या महिन्यातल्या बाईला तासातासाला उठावं लागतं, हे काही मी कुणाला शिकवायला नको. ती उठली की रांग विझायची. पहिले काही दिवस बायकांनी सांभाळून घेतलं. मग दोनदा चहा बुडाला आणि सांभाळणं संपलं. धाकटीनं वाद घातला नाही, तिचा तो स्वभावच नाही. तिनं सकाळपासून पाणी पिणं सोडलं. मला पत्ता नाही. एका संध्याकाळी घरी आली ती तापानं फणफणलेली. दवाखान्यातल्या बाईंनी तपासलं आणि माझ्यावरच उखडल्या. लघवी अडवून धरल्यानं आत सूज आली आहे, पुन्हा असं झालं तर बाळाला धोका आहे, घरात मोठी कोण आहे, तिचं लक्ष कुठे असतं.

घरी येऊन मी मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला घेतला. धाकटी पडल्या पडल्या ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, त्याला कशाला शिव्या देतेस? तार तर तूच ओढलीस ना."

मला कुणी कधी असं थोबाडीत मारलं नव्हतं. ती रागानं बोलली असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. ती नुसती खरं बोलली होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेले आणि सांगितलं की मला ते वायरिंग बदलायचं आहे. तो म्हणाला, खर्चाचं पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, चौदा नंबरची तब्येत बरी नाही. तो म्हणाला, मग त्यांनी घरी बसावं, आम्ही अडवलं नाही. असा गोड बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं यानं उपकारच केले. मी बाहेर आले आणि मूर्खासारखी दुसरी चूक केली. धाकटीच्या खुर्चीखाली, बटणाच्या दोन टोकांना तारेचा एक तुकडा जोडून दिला. आता ती उठली तरी करंटला त्या तुकड्यातून वाट होती. रांग विझेना.

तीन दिवस ती सुखानं उठत बसत होती. चौथ्या दिवशी कॉलरवालीनं पकडलं. ही बाई पंधरा नंबरवर, धाकटीच्या शेजारी, सगळ्यांत जुनी, तोंडाची फाटकी, आणि कॉलर अशी लावते की उलटी करून पाहिली तरी टाका सापडू नये. खुर्ची रिकामी आणि दिवा चालू, हे तिला दिसलं. ती थेट केबिनमध्ये गेली.

मॅनेजरनं मला बोलावून सगळ्यांसमोर तो तुकडा काढायला लावला. मी गुडघ्यावर बसून काढला. वर धाकटी मान खाली घालून उभी. त्यानं तिला सांगितलं, आता एकदा जरी तुमच्यामुळे रांग विझली तरी पिशवी उचलायची.

तो गेल्यावर मी कॉलरवालीला धरलं. म्हटलं, तुम्हाला लेकीबाळी नाहीत का, काय मिळालं तुम्हाला? मला वाटलं होतं, ती उलटून भांडेल. ती मशिनवरून नजर न उचलता म्हणाली, "मला आठ वर्षं साखर आहे. मीही दिवसभर दाबूनच बसते. तुझी बहीण म्हणून तिला तार, आणि मला काय?"

फ्यूज म्हणवणारी मी, तो काढलेला तुकडा बोटाला गुंडाळत राहिले. खरं तर त्या रांगेत प्रत्येकीचं काहीतरी होतं. कुणाचं गुडघ्याचं, कुणाला पोराच्या शाळेतून फोन येणार असायचा, कुणाला नुसताच दम लागायचा. आणि मी एकीपुरती पळवाट काढून दिली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सगळ्या खात होत्या, मी एकीच्याच तोंडावरचा हात काढला.

मग मी ठरवलं. परवानगी बिरवानगी गेली खड्ड्यात. त्या संध्याकाळी गेटबाहेर मी दुसऱ्या रांगेला थांबवलं आणि कॉलरवालीकडे बघून बोलले. उद्या येताना प्रत्येकीनं घरातला एक दिवा आणायचा. साधा, घरात लावतो तसला, कुठलाही. होल्डर भांडारात पडून आहेत, ते मी देते. एकीनं विचारलं, सगळ्यांचे सारखे नकोत का? तिचं बरोबर होतं. आत्ताच्या जोडणीत घरचे दिवे लावले असते तर गोंधळ झाला असता, पंधरा वॉटचा भगभगला असता आणि शंभराचा नुसता लाल होऊन बसला असता. मी त्यांना सांगितलं की पॅरललमध्ये तसं नसतं. दोन तारा रांगेभर धावतात आणि प्रत्येक दिवा त्या दोन्हींना आपला आपण जोडलेला असतो. प्रत्येकाला पुरते दोनशे चाळीस व्होल्ट. ज्याला जेवढा करंट लागतो तेवढा तो ओढतो, शेजारच्याच्या ताटातला घेत नाही. एक विझला तर एकच विझतो.

"आणि मॅनेजर?" धाकटीनंच विचारलं.

मी म्हटलं, त्याला मी बघते. कॉलरवाली हसली. म्हणाली, तू काय बघणार, तुला तो पहिली काढेल. पण उद्या दिवा आणते.

सकाळी तपासणीच्या नावाखाली मी टेबलांच्या कडेखालून दोन तारा ओढून ठेवल्या. चांगल्या जाड घेतल्या, कारण वीस वाटांचा करंट शेवटी त्या दोन तारांतूनच येणार जाणार. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. मॅनेजर जेवायला बाहेर गेला तसा मी त्या रांगेचा मेन पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि टॉर्चच्या उजेडात सगळ्यांना कामाला लावलं. तारेची टोकं कशी सोलायची, होल्डरचा स्क्रू किती आवळायचा, बटण आता आपल्याच दिव्याच्या फांदीत कसं घालायचं, एकदा करून दाखवलं. दिवसभर सुईच्या टोकाशी खेळणारे हात ते, त्यांना काय शिकवायचं. डबे तसेच राहिले. मी एकेक जोड स्वतः ओढून पाहत पुढे सरकत होते. धाकटीचा स्क्रू सैल निघाला, तिला मी रागावले. एकोणीस नंबरच्या बाईनं दोन्ही टोकं एकाच बाजूला जोडली होती, ती सोडवली. मेन टाकला तेव्हा घंटा व्हायला दोन मिनिटं होती.

काय दिवे होते ते. कुणाचा न्हाणीघरातला मिणमिणता, कुणाचा पांढराशुभ्र एलईडी, कुणाचा चुलीच्या धुरानं पिवळा पडलेला, एकीचा तर निळा, पोराच्या खोलीतला. एकाचं दुसऱ्याला जुळत नव्हतं आणि सगळे आपापल्या जोरावर जळत होते. मी इतकी वर्षं वायरिंग करते, पण माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

घंटा झाली. मशिनं सुरू झाली. मॅनेजर आत आला आणि चार पावलांवर थबकला. नेमकी त्याच वेळी धाकटी उठायला लागली. मी तिला खुणावलं, थांब म्हणून. तिनं पाहिलं आणि तरी उठली. चौदा नंबरचा दिवा गेला. तेराचा तसाच, पंधराचा तसाच. ती रांगेच्या कडेनं सावकाश चालत, मॅनेजरच्या अंगावरून, मोरीकडे गेली. एकही मशिन थांबलं नाही.

ती परत येईपर्यंत तो तिथंच उभा राहिला. मी पुढे झाले आणि सांगितलं की हे मी केलंय, बोलायचं ते मला बोला. तो म्हणाला, तुमचं नंतर बघतो. मग धाकटीकडे वळून, त्याच मऊ आवाजात, "चौदा नंबर, तुमची पिशवी घ्या."

मी म्हटलं, रांग विझलेली नाही, तुमच्याच शब्दाप्रमाणे तिला काढता येत नाही. तो म्हणाला, शब्द माझा आहे, अर्थही मीच लावणार. धाकटी खुर्चीजवळ उभी होती, एक हात पोटावर. पिशवी उचलायला वाकली.

तेरा नंबरचा दिवा गेला. मला वाटलं, जोड सुटला. पाहते तर बाई उभी होती. मग चार नंबरचा गेला. मग तो निळा. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. जुन्या जोडणीत एक उठली असती की वीस विझले असते, कुणाला काही ठरवावं लागलं नसतं. आता प्रत्येकीला स्वतःचं स्वतः उठावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी माल जायचा होता आणि प्रत्येकीच्या घरी खाणारी तोंडं होती. मी मनात एकेक नंबर मोजत होते. नऊ गेला. एकोणीस गेला. सोळा नंबरची अर्धी उठली, बसली, पुन्हा उठली. शेवटी एकच दिवा उरला, पंधरा नंबरचा.

कॉलरवाली शिवत होती. मॅनेजर तिच्याकडे बघून म्हणाला, निदान एक तरी शहाणी आहे. तिनं कॉलरचं टोक वळवलं, शेवटपर्यंत शिवली, दोरा तोडला, कॉलर गठ्ठ्यावर ठेवली आणि उठली.

"अर्धं काम टाकून मी कधी उठत नाही," ती म्हणाली.

आमची रांग काळोखात गेली. रॅकच्या पलीकडे पहिल्या रांगेचे दिवे अजून चालू होते, त्या जुन्याच एका तारेतले. तिकडे कुठेतरी एक खुर्ची करकरली. एकच. आणि त्या बाजूचे वीसच्या वीस दिवे एका क्षणात गेले. अख्खा हॉल काळाठिक्कर. मशिनं थांबली.

"कोण उठलं?" मॅनेजरनं विचारलं. त्याचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. चाळीस बायका होत्या, कुणी नाव सांगितलं नाही. कुणी कुणाला शिवीही दिली नाही.

तो म्हणाला, बसा सगळ्या. कुणी बसलं नाही. तो म्हणाला, माल उद्या जायचाय. ते आम्हालाही माहीत होतं.

"चौदा नंबर," तो शेवटी म्हणाला, "बसा."

धाकटीनं हातानं चाचपून खुर्ची ओढली आणि बसली. तिचा दिवा लागला. त्या एवढ्याशा उजेडात तिनं बाही उचलली, शर्टाला लावली आणि मशिनवर पाय ठेवला. मग बाकीच्या बसायला लागल्या.

मला त्यानं संध्याकाळी बोलावलं आणि काढून टाकलं. मी पक्कड, टेस्टर, लायसनचा कागद पिशवीत भरला आणि जाता जाता त्याला सांगून ठेवलं की रविवारी मी पुन्हा येणार आहे, पहिल्या रांगेनं बोलावलंय, दिवे त्या आपापल्या घरून आणतायत.